संकच्चिकेचं माप

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार. पांढुर्णा

ही डायरी धागेवाल्या शेठनं जानेवारीत दिली होती. दहा महिने हिच्यात मी फक्त कोणाचा ब्लाउज कधी द्यायचा तेवढंच लिहीत आलो. आज दुसरं लिहायला घेतलं, कारण एरवी जे काही होतं ते मी वत्सलाला सांगतो, आणि आजची गोष्ट वत्सलाचीच आहे.

दुपारची वेळ होती. लग्नसराई सुरू झाल्यामुळे दुकानात ब्लाउजचा ढीग पडलाय. मी मशीनवर होतो, ती माझ्या मागे चटईवर बसून हुक लावत होती. छत्तीस वर्षं गुलाब लेडीज टेलर असंच चालतं. कापणं, शिवणं माझं. तुरपाई, काज, हुक, लटकन तिचं. पौर्णिमा म्हणून ती सकाळी विहारात जाऊन आली होती. दातानं धागा तोडला आणि म्हणाली, "सुप्रियाचे बाबा, येत्या मार्गशीर्ष पुनवेले मी प्रव्रज्या घेऊन राहिली. आर्याजीपाशी. कायमची. तुमची परवानगी लागते."

मी मशीन थांबवलं नाही. बाही जोडत होतो, मध्येच थांबलं की चुणी येते. बाही झाल्यावर विचारलं, शिबिर किती दिवसांचं आहे. ती म्हणाली, शिबिर नाही. मग चहा ठेवायला आत गेली.

प्रव्रज्या म्हणजे मुंडण करायचं, चीवर घालायचं, घर सोडून विहारात राहायचं. आमच्या समाजात पुष्कळ जण दहा दिवसांसाठी श्रामणेर होतात आणि नंतर केस वाढवून कामाला लागतात. माझा साडू झाला होता, अकराव्या दिवशी पानठेल्यावर उभा दिसला. वत्सलाच्या मनातही तसंच काही असेल. सत्तावन्न वर्षांची बाई, रोज दोन गोळ्या खाते, ती कायमची कुठे जाणार? सहा वर्षांपासून सौंसरच्या भिक्खुणी आर्याजींकडे पाली गाथा शिकायला जाते, त्यामुळे तोंडात मोठे शब्द बसले आहेत.

थकलोय. दुपारपासून डोळ्यांतून पाणी येतंय. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायचंच आहे तर खरं लिहितो. वत्सला बोलली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हुकांचा. विजयमालाबाईंच्या घरचे एकोणीस ब्लाउज पडून आहेत, त्यांच्या पूनमचं लग्न सत्तावीसला. दुसरा विचार, लोक काय म्हणतील. म्हातारपणी बायको घर सोडून गेली म्हणजे यानंच काहीतरी केलं असेल, असंच म्हणतील. वत्सलाचा विचार तिसरा आला. लाज वाटली, पण क्रम हाच होता.

सुप्रियाला फोन लावला. ती आमची एकुलती एक पोरगी, सौंसरला शाळेत शिकवते. मला वाटलं रडेल, आईला समजावेल. ती म्हणाली, "मले माहीत हाये बाबा." कधीपासून, तर दोन वर्षांपासून. दोन वर्षं मायलेकी यावर बोलत होत्या आणि मी तीन हातांवर बसून मशीन चालवत होतो. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, आईनं तुम्हाला सांगितलं होतं, एकदा मागच्या उन्हाळ्यात आणि एकदा यंदा राखीच्या आधी. मला काही आठवत नाही. मशीनच्या आवाजात राहून गेलं असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज आर्याजी घरी आल्या. सत्तरीच्या आहेत, बारीक अंगाच्या, पायात रबरी चपला. सौंसरच्या बाहेर रामाकोन्याच्या रस्त्यावर त्यांचा लहानसा विहार आहे, तिथे तिघी भिक्खुणी राहतात. रामाकोना हे वत्सलाचं माहेर, त्यामुळे ओळख जुनी. मी भांडायच्या तयारीत चार प्रश्न घोकून ठेवले होते. त्या खुर्चीवर बसल्या आणि मला शिवणकामच विचारायला लागल्या.

त्यांचं म्हणणं असं. भिक्षूला तीन चीवरं असतात, भिक्खुणीला पाच. जास्तीच्या दोनांपैकी एक अंघोळीचं आणि दुसरी संकच्चिका. म्हणजे चीवराच्या आत घालायची बिनबाह्यांची बंडी, खांदे आणि छाती झाकणारी. बुद्धाच्या काळात एक भिक्खुणी ती न घालता गावात गेली, वाऱ्यानं चीवर उडालं आणि लोक हसले. तेव्हापासून संकच्चिका घातल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही असा नियम झाला. बाकीची चीवरं त्यांनी नागपूरहून तयार आणली आहेत, पण तयार बंडी वत्सलाच्या अंगावर राहत नाही, सरकते. म्हणून ती मी शिवावी.

मी माप विचारलं. म्हणाल्या, "गळ्याच्या हाडाखाली आणि बेंबीच्या वर. ग्रंथात एवढंच आहे." अडीच हजार वर्षांचं कापड आणि मापाची ही तऱ्हा. दुसऱ्या कोणी असं माप आणलं असतं तर मी दुकानाची पायरी चढू दिली नसती.

सोबत आणलेलं कापड ठेवून उठताना त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नवऱ्यानं लेखी अनुमती दिल्याशिवाय त्या लग्न झालेल्या बाईला घेत नाहीत. हाही तेवढाच जुना नियम. "मनापासून वाटलं तर द्या. नाही वाटलं तर नका देऊ, तिचं घर आहेच." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. चला, म्हणजे गाडी माझ्याशिवाय सुटत नाही. चहा घ्या म्हटलं, तर बारा वाजून गेले होते, त्यानंतर भिक्खुणींना दूध चालत नाही म्हणाल्या. तोवर वत्सलानं कोणी न सांगता लिंबाचं सरबत गाळून आणलं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बंडी सुरू केली नाही. मशीनचा पट्टा सैल झालाय. शिवाय सुती कापड आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं, ते भिजवलं तर दिवसभर आभाळ. शिवाय पूनमचे एकोणीस ब्लाउज. शिवाय रस्त्यावर संत्र्याच्या गाड्यांची एवढी रांग की पट्टा आणायला बाजारात जायचाही कंटाळा आला.

वत्सला काही विचारत नाही. तिनं आज फळी आवरली. हुकांच्या डब्या नंबरप्रमाणे लावल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आणि मला बोलावून कुठे काय आहे ते दाखवलं. नऊ नंबरच्या सुया या डबीत, रेशमी धागा त्या डब्यात. मी म्हटलं, दहा दिवसांकरिता एवढा पसारा कशाला काढते. तिनं ऐकून घेतलं आणि पुढची डबी दाखवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कापड वाळलं, पट्टाही आला, मग बहाणा उरला नाही. आज बंडी शिवली.

माप घ्यायची गरज नव्हती. तिचं माप मला तोंडपाठ आहे. छाती छत्तीस, कंबर तीस, शोल्डर चौदा, मागचा गळा साडेसात. सुप्रियाच्या लग्नात मी तिला जांभळ्या पैठणीवर ब्लाउज शिवून दिला होता, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर ती काय घालते, जुनेच उसवून घालते की बाजारातून तयार आणते, ते मला सांगता येणार नाही. टेलरच्या बायकोला कपड्याची काय वाण.

जीव ओतून शिवली. पुढे चार टक्स घेतले, प्रिन्सेस कट दिला, गळ्याला बारीक पायपिंग, समोर सात हुक. दहा दिवस तिथे बसेल तर बायकांनी विचारलं पाहिजे, कोणी शिवली.

तिनं आत जाऊन घालून पाहिली. बाहेर आली तर छातीत चार बोटं सैल आणि डावा खांदा घसरून दंडावर. मी म्हटलं, सरळ उभी राहा. ती म्हणाली, "उभीच हाये." खांद्याची पट्टी वर केली, दोन पावलं चालली, पुन्हा घसरली. कापड तिरकं कापलं गेलं असणार. छत्तीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. चिडचिड झाली, जेवलो नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सहा ब्लाउज झाले. पाठ धरलीय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बंडी पिशवीत घालून सौंसरला गेलो. शनिवार असल्यामुळे बस जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी भरलेली, तिथवर एका पायावर उभा राहिलो. जामसांवलीला गाडी रिकामी झाली तेव्हा बसायला मिळालं. गुडघे नुसते ठणकत होते. वत्सला दर रविवारी अशीच उभ्यानं येत असेल, असं पहिल्यांदा मनात आलं.

आर्याजींनी बंडी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि हसू आवरलं. "उपासक, ही तर लग्नातली चोळी झाली." हुक काढा, टक्स उसवा, पायपिंग नको. अंगाचा आकार दाखवण्यासाठी नाही, लपवण्यासाठी आहे. मी म्हटलं, आकार नाही तर टेलर कशाला, कोणीही शिवेल. त्या म्हणाल्या, कोणीही शिवलेली तिच्या अंगावर राहत नाही ना.

मग मला उस्ताद आठवले. नागपुरात मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्याकडे मिशनच्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती सिस्टर लोकांचे गळे शिवायला यायचे. गळ्यापासून दोन्ही खांद्यांवर गोल उतरणारं पांढरं कापड, कडक कांजी केलेलं. उस्ताद ते कोणा पोराच्या हाती देत नसत. म्हणायचे, नवरीच्या ब्लाउजमधली चूक जरीखाली जाते, सिस्टरच्या गळ्यातली चूक सगळ्या दवाखान्याला दिसते. मी हे आर्याजींना सांगितलं. त्यांना त्या गळ्याची फार उत्सुकता वाटली, कांजीनं मानेला काचत नसे का, असं विचारत होत्या. मला काय माहीत, मी तेव्हा फक्त गुंड्या लावायचो.

निघताना म्हणाल्या, मागचा गळा जरा वर घ्या, वत्सलाची मान गार हवेनं धरते. मला ते माहीत नव्हतं. त्यांना कसं माहीत, याचा परतीच्या वाटेवर विचार करत होतो. विहारात थंडी असेल, तिथे सांगितलं असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विजयमालाबाई शेवटच्या ट्रायलला आल्या. त्या रस्ता ओलांडत होत्या तेव्हाच मला दिसलं की त्यांचा उजवा खांदा अर्धा इंच चढलाय. विचारलं तर महिनाभरापासून नातवाला त्याच कडेवर घेऊन हिंडतात. उजव्या बाजूची शिलाई जराशी सोडली, ब्लाउज असा बसला की बाई आरशासमोरून हलेनात. "गुलाबभाऊ, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," म्हणाल्या. एवढ्या थकव्यात तेवढंच बरं वाटलं.

संध्याकाळी दुसरी बंडी तयार केली. साधी, बिनहुकाची, डोक्यातून घालायची. तीही डाव्या खांद्यावरून घसरली. विहारानं दिलेल्या कापडातच खोट असावी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल पूनमचं लग्न पार पडलं. आज दुकान रिकामं. वत्सला माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टेप घ्या. माप घ्या माह्यं."

मी म्हटलं, तुझं माप मला पाठ आहे.

"कोणतं माप? थे पैठणीचं? थे बाई आता नाई राहिली."

टेप घेतला. छाती बत्तीस. शोल्डर सव्वातेरा. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सव्वातेराच. मग मागे गेलो. हजारो बायकांच्या पाठी मी पाहिल्या असतील, मान खाली घालून काम करणाऱ्या बाईची पाठ लगेच ओळखतो. मानेच्या बुडाशी हाड लिंबाएवढं वर आलं होतं. डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली. सव्वा इंच. विजयमालाबाईंचा अर्धा इंच मी रस्त्याच्या पलीकडून पाहिला होता.

कापडात काही खोट नव्हती. कापणं तिरकं नव्हतं. मी दोन्ही खांदे सारखे कापत होतो आणि तिचे खांदे सारखे नव्हते.

मी विचारलं, हे कधीपासून झालं. ती समोर भिंतीकडे पाहत उभी होती, जशी गिऱ्हाइकं उभी राहतात. म्हणाली, "तुमीच सांगा. टेलर तर तुमी."

मी कागदावर आकडे लिहीत राहिलो. मला फार वाईट वाटलं, इतकं की पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. तरी तिला तसं काही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, मान दुखते म्हणून जाऊन राहिली असशील तर दुकान बंद करू, डॉक्टरला दाखवू.

ती वळली. "दुखते म्हणून नाई जाऊन राहिली मी," म्हणाली. "शिकायचं हाये मले. चौथीतून काढलं होतं घरच्याईनं. आर्याजी म्हणते, अजून दहा वर्स मिळाली तर अर्धं पिटक पाठ होईन माह्यं. मले थे करायचं हाये." एवढं सलग ती कधी बोलली होती ते मला आठवेना. पदर खोचला आणि आत गेली.

१ डिसेंबर, सोमवार

तिसरी बंडी झाली. या वेळी डाव्या आणि उजव्या बाजूचा कागद वेगळा कापला. मागचा गळा वर घेतला, मानेच्या हाडाला शिवण लागू नये म्हणून तिथे जोड दिला नाही. तिनं घातली, हात वर केले, वाकली, घरभर फिरली. सरकली नाही. ती म्हणाली, "आता बसली." बाजूच्या अर्चनाकडून तिनं ती रंगवून घेतली, चीवराच्या रंगाची झाली.

माझ्यावरचा भार उतरला. त्या भरात अनुमतीचं पत्रही लिहून टाकलं. चार कागद खराब झाले, पाचवा चांगला झाला: "मी गुलाब सोमाजी गजभिये, राहणार पांढुर्णा, माझी पत्नी वत्सला हिला श्रामणेरी होण्यास दहा दिवसांकरिता आनंदाने अनुमती देतो." आनंदाने हा शब्द मुद्दाम घातला. नीट विचार केला तर यात सगळ्यांचं भलं आहे. तिची हौस होईल, मान मोकळी होईल, आर्याजींचा मान राहील. पंधराला मी तिला आणायला जाईन. तोवर नवा चष्मा येईल, मग निम्मे हुक मी लावीन आणि तिला दुपारी वाचायला वेळ देईन. हे मला आधी सुचायला हवं होतं.

पत्र पाकिटात घालून चिकटवलं. सुप्रिया आली होती, तिच्याजवळ दिलं. वत्सलाला वाचून दाखवलं नाही, ऐन वेळी आनंद होऊ दे म्हटलं.

३ डिसेंबर, बुधवार

गल्लीतल्या बायका दिवसभर येऊन तिला भेटून गेल्या. मी प्रत्येकीला सांगत होतो, दहा दिवसांनी भेट आहेच. वत्सला तिथेच बसलेली असायची, पण ती माझ्या बोलण्यावर काही म्हणत नव्हती. तिनं एकच पिशवी भरली. स्वेटर घे म्हटलं तर चालत नाही म्हणाली. तिच्या सगळ्या साड्या सुप्रियाला देऊन टाकल्या, पैठणीसुद्धा. परत आल्यावर काय घालेल, हे विचारायचं राहिलं.

४ डिसेंबर, गुरुवार. सौंसर, सुप्रियाच्या घरी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

विहारात साठेक माणसं होती. तिचं मुंडण सकाळीच झालं होतं. पांढरी साडी नेसून, हात जोडून ती आर्याजींसमोर बसली होती. डोकं मोकळं झाल्यामुळे मानेचं ते हाड सगळ्यांना दिसत होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहत बसलो.

सुप्रियानं पाकीट दिलं. आर्याजींनी ते उघडून पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं आणि "दहा दिवसांकरिता" यावर थांबल्या. पुन्हा मनात वाचलं. मग वत्सलाला विचारलं, तुम्ही नवऱ्याकडे किती दिवसांची परवानगी मागितली होती?

"कायमची," वत्सला म्हणाली. "तीनदा मागतली. त्याईनं ऐकलं नाई."

हे ती रागानं म्हणाली नाही. हुक संपले, उद्या आणा, असं सांगते त्याच आवाजात म्हणाली. सुप्रियानं तोंडाला पदर लावला. सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली.

आर्याजी म्हणाल्या, मग ही अनुमती धरता येणार नाही. यात कोणाचा दोष नाही. आज वत्सलाताई घरी जातील, पुढे कधी मन झालं तर पाहू. असं म्हणून त्यांनी पत्राची घडी केली.

मी गप्प राहिलो असतो तर दुपारच्या बसनं ती माझ्यासोबत पांढुर्ण्याला परत आली असती. हे मला त्या वेळी पक्कं कळलं होतं, म्हणून लिहून ठेवतो. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. तुळतुळीत डोक्यावर पदर घेऊन ती उद्या चटईवर बसली असती आणि हुक लावले असते. मला एका शब्दानं बोलली नसती. गेल्या दोन्ही वेळी बोलली नव्हती, तशीच.

मी उठलो. गुडघ्यांमुळे भिंतीला धरून उठावं लागलं. म्हणालो, "थांबा आर्याजी. खोडतो मी थे."

पत्र परत घेतलं. सुप्रियानं पेन दिलं. दहा दिवसांकरिता या शब्दांवर रेघ मारली. सरळ रेघ मारण्यात माझी हयात गेली, पण ती वाकडी आली. मग रिकाम्या जागेत काय लिहायचं ते सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला विचारलं, "वत्सला, काय लिहू?"

ती म्हणाली, "लिहा. वत्सलानं कायमचं मागतलं. मी ऐकलं."

तिनं सांगितलं तसं लिहिलं. आर्याजी म्हणाल्या, आता हे तुम्हीच वाचा, आपल्याकडे सगळं तीनदा म्हणतात तसं तीनदा. पहिल्यांदा मी लोकांना ऐकू जावं म्हणून जोरात वाचलं. दुसऱ्यांदा मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही. तिसऱ्यांदा हळू वाचलं. ते फक्त वत्सलानं ऐकलं असेल, ती सर्वांत जवळ होती.

मग तिला आत नेलं. बाहेर आली ती चीवरात. चालताना मी तिच्या डाव्या खांद्याकडे पाहत होतो, तिथे काही हललं नाही. तिला आता नावानं हाक मारायची नाही, असं आर्याजींनी सगळ्यांना सांगितलं. घरच्यांनी आधी प्रणाम करायचा होता. सुप्रियानं केला, जावयानं केला, मग मी केला, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. खाली गेलो तो गेलो, उठायला जमेना. एरवी तिनं हात दिला असता. आता नियमानं तिला मला हात लावता येत नाही, आणि मागे बरेच जण प्रणामासाठी उभे होते. आर्याजी पुढे चालायला लागल्या होत्या. ती गेली नाही. मी उठून उभा राहीपर्यंत ती तिथेच थांबली.